बागेत उगवला कापूस

चैत्र सरत आला, अक्षय्य तृतीया जवळ आली की कुंभारीण दारात येते. डोक्यावरची पाटी उतरवते, लाल घागरी ओळीनं मांडते आणि म्हणते, "आखाजी आली माय, घागर घ्या." मी बोटांनी घागर वाजवून पाहते, नाकाशी धरते आणि दरवर्षी मला त्या भाजक्या मातीच्या वासाबरोबर आणखी एक वास येतो. शेण, काळी माती आणि सरकी यांचा. सुनेला सांगितलं तर ती हसते. म्हणते, "आई, सरकीला कुठं वास असतो?" असतो. ज्यानं ती हातानं चोळली आहे त्याला विचारा.

त्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांची होते आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकारी कागदांवर दोघांची नावं एकत्र यायची आणि मोठे साहेब नागपुरात बसायचे. आम्हा बायकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझं जग माझ्या माहेरी, धाड गावात, सुरू व्हायचं आणि धाडलाच संपायचं. तिथं आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, बांधावर झेंडू. बाजाराच्या आदल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसायची, इतकी भाजी पडलेली असायची. त्या मळ्यातून उचलून मला मलकापूरला आणून ठेवलं, जिनामागच्या एका गल्लीत, दीड खोलीत. जीन म्हणजे कापसातून सरकी, म्हणजे कापसाचं बी, काढण्याचा कारखाना. माझे यजमान तिथं मापाडी होते.

जिनामागची गल्ली काय असते ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत कापूस. पापड वाळत घातले तर पापडांवर कापूस, वेणी घातली तर वेणीत कापूस, वरणाचं झाकण उघडं राहिलं तर वरणातही. सासऱ्यांचा खोकला दिवाळीला सुरू व्हायचा आणि होळीशिवाय थांबायचा नाही. आणि एवढ्या सगळ्यात बोटभर मोकळी माती कुठं नाही. मी फुटक्या डब्यात तुळस लावली होती, तीसुद्धा माझ्यासारखीच तोंड पाडून बसायची.

मी दिवस मोजत होते. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. कडुनिंबाला झोके बांधतात, मैत्रिणी भेटतात, आई हातानं जेवू घालते. माझा भाऊ गणपतदादा मला न्यायला येणार हे ठरलेलं होतं. यजमानांना मी एकदा चुलीपुढं बसून सांगूनही टाकलं, "आखाजीले जाईन ते जाईन. मंग पाहात बसा वाट." बिचाऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. आज आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा नाही वाटलं.

गल्लीच्या टोकाला एक बाग होती. बाग म्हणायची ती केवळ जुन्या सवयीनं. जिनाच्या मालकांच्या, शेठजींच्या वडिलांनी ती गल्लीसाठी केली होती. चार कडुनिंब, बसायला दगडी ओटा आणि गोड्या पाण्याची विहीर. ते गेले, मग माळी गेला, मग रहाट मोडला. मी आले तेव्हा तिथं बाभळी आणि घाणेरीचं रान माजलं होतं. विहिरीपर्यंत जायचं तर साडी काट्यांना द्यायची. म्हणून सगळ्या बायका स्टेशनाकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या आणि येता-जाता बागेकडं बघून सुस्कारे टाकायच्या.

होळीला पोरं तिथली वाळकी बाभूळ तोडत होती, तेव्हा शेठजी आले. आम्हाला वाटलं, रागावतील. ते उलट खूश झाले. म्हणाले, "तोडा, सारंच तोडा. पुढच्या हंगामाले मले इथं गठाणी ठेवाच्या हायेत. जिनात जागा पुरत नाही." गठाणी म्हणजे कापसाच्या दाबलेल्या गाठी. विहिरीवर फळ्या टाकणार, भोवती तारेचं कुंपण घालणार. माणूस वाईट नव्हता. त्याला जागा हवी होती आणि जागा त्याची होती.

गल्लीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागली. माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणत असे, पुटपुटल्या, "बाप्पा! सावली गेली, पाणी गेलं." आणि तेवढ्यात मामींच्या मागून, डोक्यावरच्या पदराआडून कुणीतरी बोललं, "दीड महिना द्या. आखाजीपर्यंत मी ही बाग उठवून देतो. मी माळ्याची लेक हाये." तो आवाज माझा होता हे मला सगळ्यात शेवटी कळलं. सासरी आल्यापासून परक्या पुरुषासमोर मी तोंड उघडलं नव्हतं. शेठजींनी पदराकडं पाहिलं, हसले आणि म्हणाले, "हाव, देल्लं. आखाजीले येतो. हिरवं दिसलं तं तुमचं. नाही दिसलं तं जेठात कुंपण पडन."

घरी आल्यावर मामींनी मला उभं केलं. "काऊन बोलली वं तू? तू तं आखाजीले जाऊन राह्यली ना?" खरंच होतं. जाणारी मी, आणि शब्द देऊन बसले होते राहणाऱ्यांच्या सावलीसाठी.  त्या रानात काट्याखाली काळी माती दिसली होती आणि माझे हात शिवशिवले होते, एवढंच.

पण बोलून बसले ते बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे खुरपं घेऊन एकटीच गेले. थोड्या वेळानं मागं कुणीतरी खाकरलं. पिंजारी रहीमचाचा होते. गल्लीभरच्या गाद्या आणि रजया त्यांनी पिंजलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्या पिंजायच्या धनुकलीला काम नसे. म्हणाले, "बेटी, एकटीनं तं आखाजी काय, दिवाळी होईन," आणि कुऱ्हाड चालवायला लागले. त्यांच्या मागून मामी आल्या, मला रागवायला म्हणून. रागावता रागावता त्यांनी दोन मोळ्या बांधल्या. जिनाचा हंगाम संपत आला होता, रिकामे हात खूप होते. आठवड्यात निम्मी गल्ली बागेत दिसायला लागली.

विहिरीचा गाळ काढला तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोहणारे दोघं-तिघं खाली उतरले आणि टोपल्या वर यायला लागल्या. गाळातून काय काय निघालं! लोटे, एक अडकित्ता, कुणाचा तरी विळा, आणि शेवटी एक पितळी कळशी. मामींनी ती पाहिली आणि मटकन खाली बसल्या. त्यांच्या लग्नातली कळशी. बारा वर्षांपूर्वी हरवली होती, आणि ती शेजारच्या जानकाबाईंनीच लांबवली असं मामींनी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं. दोघींच्या भिंतीला भिंत, पण बारा वर्षं बोलणं नाही.  जानकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मामी उठल्या, कळशी पदरानं पुसली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धर वं जानके. पहिलं पाणी तूच भर." जानकाबाईंनी कळशी घेतली आणि दोघी अशा रडल्या की विहिरीतली माणसं वर ओरडायला लागली, कोण गेलं म्हणून.

आता माझ्या पराक्रमाकडं येते.

माती चांगली होती, पण इतकी वर्षं पडीक राहून दगड झाली होती. तिला खत हवं होतं. शेण घरोघरचं मिळालं, पण पुरेना. जिनाच्या मागं मात्र झाडलोटीचा डोंगर होता. पानांचा चुरा, बोंडांची टरफलं, थोडे रुईचे तंतू, फुटकी सरकी. मापाड्याची बायको म्हणून मला तो मागायचा हक्क वाटला, आणि जिनवाल्यांना तो उचलणारं कुणी हवंच होतं. आम्ही टोपल्या भरभरून आणला. पण वारा सुटला की त्यातली रुई उडायची, डोळ्यांत जायची, शिंका यायच्या. तेव्हा मीच म्हटलं, शेण-मातीचं पाणी करून चोळून घेऊ, म्हणजे बसेल. टरफलं निघून जावीत म्हणून जानकाबाईंनी आपली सुंभाची बाज आणली. बाजेवर कचरा टाकायचा, वरून शेणकाला ओतायचा, दोन्ही हातांनी चोळायचा. टरफलं वर राहतात, बाकीचं सुंभातून खाली पडतं.

आम्ही सहासात जणी त्या बाजेभोवती बसलो आणि काय सांगू, हात असे चालायला लागले! कुणाला काही शिकवावं लागलं नाही. गाणी सुरू झाली. मामी आपल्या बापाच्या वावराच्या गोष्टी सांगू लागल्या. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, ऊन डोक्यावर आलेलं, आणि मला लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं. खाली पडलेलं ते 'खत' मी स्वतः सरळ ओळी काढून मातीत घातलं. त्यावर झेंडूचं बी टाकलं, गुलाबाच्या कांड्या लावल्या, मोगरा लावला. रोज संध्याकाळी प्रत्येक घरानं दोन कळशा पाणी घालायचं ठरलं.

ज्यानं वऱ्हाडात कापूस पेरला आहे, त्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. पेरणीआधी सरकी अशीच तयार करतात. बाजेवर, शेण-मातीत चोळून, म्हणजे तिची रुई चिकटते आणि दाणे सुटे सुटे पडतात. आम्ही सगळ्या जणी लहानपणापासून आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या वावरात हेच करत आलेल्या. हातांना ते काम ओळखीचं वाटलं, म्हणून तर ते एवढे झरझर चालले. फक्त डोक्याला कळलं नाही. फुटकी समजलेल्या सरकीत धडधाकट सरकी किती होती हे कुणी पाहिलंच नाही.

आठव्या दिवशी बाग उगवली. एका ओळीत नाही, सगळ्या ओळींत. दोन-दोन जाड पानांचे कोंब, तिफणीनं पेरल्यासारखे.  दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होते, भेंडी आहे, कुणीतरी बी टाकलं असेल. कोवळेपणी दोन्ही थोडी सारखी दिसतात. रहीमचाचांनी उकिडवं बसून एक पान बोटांत धरलं. "बेटी, सारी जिंदगी हिच्याच कापसात गेली. मले भेंडी सांगतं? पऱ्हाटी हाये ही." आणि ते असे हसायला लागले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ? माळ्याच्या लेकीनं फुलबागेत पऱ्हाटी पेरली! स्टेशनापर्यंतची माणसं बघायला आली.

मी घरात तोंड लपवून बसले. मला वाटलं, सगळी उपटून टाकावी. पण एव्हाना ऊन तापलं होतं, झळा सुरू झाल्या होत्या. झेंडू उगवला तसा करपला. गुलाबाच्या कांड्या काळ्या पडल्या. मोगरा कसाबसा जीव धरून होता. त्या भट्टीत एक पऱ्हाटीच काय ती माना वर करून उभी होती. ती उपटली तर आखाजीला शेठजींना दिसणार उघडी माती. ठेवली तर हसं. मी मामींना विचारलं, आता काय करू. त्यांनी माझ्याकडं न पाहता कळशी उचलली. "हिरवं हाये ते उपटाचं नसते, बाई. चाल, पाणी टाकू."

आणि मग एक गंमत झाली. लोक हसायला म्हणून यायचे आणि बसायचे. विहिरीचं पाणी गोड, कडुनिंबाची सावली गार, ओटा झाडलेला. दुपारी म्हातारे पत्ते खेळायला लागले. सासरे संध्याकाळी तिथं बसायला लागले, कडुनिंबाच्या मोहोराचा वास घेत. म्हणायचे, छातीत हवा जाते इथं. जानकाबाई आणि मामी बारा वर्षांचं बोलणं भरून काढत होत्या आणि तिसऱ्या कुणाला मध्ये शिरू देत नव्हत्या. मी पाणी घालत फिरायची आणि लोक मला माझ्या नावानं हाका मारायचे. तोवर मी फक्त मापाड्याची बायको होते. आता द्वारका होते. 'द्वारकाची पऱ्हाटी' म्हणून चिडवायचे, पण नाव तर माझंच असायचं.

आखाजीच्या सकाळी मी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक चोळी, आईसाठी कुंकवाची डबी. मामींनी विहिरीच्या कठड्यापाशी पाण्याची घागर भरून ठेवली, वर खरबूज ठेवलं. आखाजीला घरोघरी पितरांसाठी अशी घागर भरतात. मी विचारलं, "ही कोणाची?" म्हणाल्या, "शेठजीच्या बापाची. त्याचंच पाणी पितो आपण." दादा दुपारच्या मोटारीनं आला, कैऱ्यांची पिशवी घेऊन, आणि बागेशीच थांबला. कारण समोरून शेठजी येत होते आणि सारी गल्ली तिथं उभी होती.

शेठजी आत आले. पऱ्हाटी वीतभर झाली होती, ओळीच्या ओळी. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.  ते वळले. "मी इथं कापूस ठेवतो म्हणलं, तं तुम्ही इथं कापूसच पेरला?" कुणीतरी फिसकन हसलं.  मी पदर नीट केला. म्हटलं, "तुम्ही हिरवं म्हणलं होतं. फुलं पाह्यजे असं नव्हतं म्हणलं."

शेठजी घागरीपाशी गेले. मामींनी सांगितलं कुणाची ती. त्यांनी चपला काढल्या, घागरीला हात लावून कपाळाला लावला. मग खाली वाकून एका रोपाचं पान उलटं करून पाहिलं, व्यापाऱ्याच्या नाही, शेतकऱ्याच्या नजरेनं. म्हणाले, "झेंडू असता तं म्हणलो असतो, निघाला हंगाम. उभ्या पऱ्हाटीवर गठाणी टाकू? कापसानं मोठा झालेला माणूस मी. लोकं मले उभं करतीन काय दारात? राहू द्या. पीक निघेपर्यंत राहू द्या."

पीक निघेपर्यंत. गल्लीनं हे शब्द पक्के धरले. त्या वर्षी कार्तिकात आम्ही बागेतला कापूस वेचला, रहीमचाचांनी तो पिंजला, बायकांनी ओट्यावर बसून वाती वळल्या आणि गल्लीतल्या साऱ्या दिव्यांत त्याच वाती जळल्या. पुढच्या वर्षी झेंडूही आला, गुलाबही आला. पण विहिरीकडेची एक ओळ आम्ही पऱ्हाटीची ठेवली, आणि शेवटची बोंडं निघायच्या आत बाजूला नवी सरकी टोचली. बागेत उभं पीक नाही असा दिवस आम्ही येऊच दिला नाही. शेठजींना ते कळत होतं. दर आखाजीला यायचे, त्या ओळीकडं बघायचे, मिशीत हसायचे, पाणी पिऊन जायचे. त्यांच्यामागं त्यांच्या मुलानं बाग गल्लीच्या नावावर करून दिली. आता तिथं फरशी आहे, पोरांना घसरगुंडी आहे, सकाळी माणसं बूट घालून गोल गोल चालतात. परवा एका चालणाऱ्या बाईंनी मला विचारलं, फुलझाडांत ही कापसाची ओळ कशाला. मी म्हटलं, "बसा, सांगते." त्यांचं चालणं त्या दिवशी राहिलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. शेठजी गेले. गल्लीनं एकच गलका केला. कडुनिंबाला झोका आधीच बांधलेला होता, त्यावर मामी आणि जानकाबाई, दोघी म्हाताऱ्या, शेजारी शेजारी बसल्या. यजमान लांब उभे होते. ते माझ्याकडं नाही, घराच्या दाराशी ठेवलेल्या माझ्या गाठोड्याकडं पाहत होते. दादा म्हणाला, "चाल द्वारके, मोटार सुटून जाईन. माय वाट पाहून राह्यली."

लग्न झाल्यापासून मी या एका वाक्यासाठी जगले होते. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि डोळे भरले. मग पऱ्हाटीकडं लक्ष गेलं. शेठजींनी ज्या रोपाचं पान पाहिलं होतं ते थोडं कललं होतं, बुडाशी माती उघडी पडली होती. ऊन कडक होतं. मी खाली बसले, माती सारली आणि कळशीकडं हात केला.

"दादा," मी म्हटलं, "मायले सांगजो, पोरगी खुशाल हाये. दिवाळीले येईन, पीक निघाल्यावर. आता तिले सवड नाही."